आचार्य नरेंद्र देव : समाजवादाची वाट आणि बुद्धविचाराचा अभ्यास

शालेय पाठ्यपुस्तकांत काही माणसांच्या वाट्याला एखादीच ओळ येते. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला व त्याच्या नेत्यांमध्ये आचार्य नरेंद्र देव होते, ही अशीच एक ओळ आहे. इतिहासाच्या तासाला ती वाचून आम्ही पुढे जातो. परीक्षेत त्यावर एका गुणाचा प्रश्न येतो आणि विषय तेथेच संपतो. परंतु या एका ओळीमागे सहासष्ट वर्षांचे एक निर्मळ आयुष्य आहे, एका लहान पक्षाच्या उदयाची व विलीनीकरणाची कथा आहे, आणि भगवान बुद्धाच्या तत्त्वज्ञानाचा आयुष्यभर चाललेला अभ्यास आहे. आपल्या वसतिगृहाच्या छायेत वाढलेल्या पिढ्यांना हे चरित्र ठाऊक असावे, या हेतूने स्मरणिकेसाठी आम्ही ते येथे मांडीत आहोत.

नरेंद्र देव यांचा जन्म १८८९ च्या ऑक्टोबर महिन्यात उत्तर प्रदेशातील सीतापूर येथे झाला. त्यांचे मूळ नाव अविनाशीलाल. वडील बलदेव प्रसाद हे वकील होते. पुढे हे कुटुंब फैजाबादला स्थायिक झाले आणि अयोध्येला लागून असलेले ते शहरच नरेंद्र देवांचे गाव ठरले. घरी सुबत्ता होती, ग्रंथ होते, विद्वानांची ये-जा होती. अलाहाबादच्या म्योर सेंट्रल कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली. त्यानंतर बनारसच्या क्वीन्स कॉलेजात डॉ. व्हेनिस व प्रा. नॉर्मन यांच्या हाताखाली संस्कृत, पाली, प्राकृत आणि शिलालेखशास्त्र यांचा अभ्यास करून ते १९१३ साली एम. ए. झाले. पुरातत्त्व खात्यात जाऊन संशोधनात आयुष्य घालविणे त्यांना सहज शक्य होते. परंतु बंगालची फाळणी, स्वदेशीची चळवळ आणि लोकमान्य टिळकांचे जहाल राजकारण यांनी त्यांच्या तरुण मनाची पकड घेतली होती. राजकारणात राहावयाचे तर वकिली बरी, असा त्या काळातील रिवाज होता. त्यानुसार ते कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १९१५ पासून फैजाबादला वकिली करू लागले. होमरूल लीगच्या स्थानिक शाखेचे कामही त्यांनी अंगावर घेतले.

असहकाराच्या चळवळीत त्यांनी वकिली सोडली. १९२१ च्या फेब्रुवारीत बनारस येथे काशी विद्यापीठाची स्थापना झाली होती. सरकारी अनुदान व सरकारी मान्यता या दोहोंपासून दूर राहिलेली ती राष्ट्रीय शिक्षणसंस्था होती. शिवप्रसाद गुप्त यांनी तिच्यासाठी आपले धन वेचले होते. जवाहरलाल नेहरूंच्या सूचनेवरून नरेंद्र देव तेथे शिक्षक म्हणून दाखल झाले. डॉ. भगवानदास यांच्यानंतर संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली. आचार्य ही उपाधी त्यांना येथेच मिळाली आणि ती अखेरपर्यंत त्यांच्या नावाशी एकरूप होऊन राहिली. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले लालबहादूर शास्त्री याच विद्यापीठाचे विद्यार्थी. त्यांच्या नावातील शास्त्री ही तेथील पदवी होय. शिक्षक विद्यार्थ्यांसमवेत राहत, एकत्र जेवत, एकत्र तुरुंगात जात. निवासी शाळेत शिकलेल्या आपल्या वाचकांना अशा सहजीवनाचे मोल निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

आता पक्षाच्या कथेकडे वळू. तिचा आरंभ आपल्या महाराष्ट्रात, नाशिकच्या कारागृहात झाला. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत पकडलेले जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे हे तरुण १९३२-३३ च्या सुमारास तेथे एकत्र आले. स्वराज्य आले तरी जमीन जमीनदाराकडे व गिरणी मालकाकडेच राहणार असेल, तर कष्टकऱ्याच्या पदरी काय पडणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. काँग्रेसमध्येच राहून तिला शेतकरी-कामगारांच्या बाजूस वळवावे असे त्यांनी ठरविले. १७ मे १९३४ रोजी पाटण्याच्या अंजुमन इस्लामिया सभागृहात समाजवाद्यांची पहिली अखिल भारतीय परिषद भरली. तिचे अध्यक्षपद नरेंद्र देवांकडे देण्यात आले. ते या तरुणांहून वयाने मोठे होते. पाली ग्रंथ आणि मार्क्स या दोहोंचा सारखाच गाढ अभ्यास असणारा दुसरा माणूस त्या मेळाव्यात नव्हता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत पक्षाची रीतसर स्थापना झाली व जयप्रकाश सरचिटणीस झाले.

पक्ष लहान होता. परंतु पाहता पाहता त्याचे वजन वाढले. १९३६ साली नेहरूंनी काँग्रेस कार्यकारिणीत नरेंद्र देव, जयप्रकाश व अच्युत पटवर्धन या तिघा समाजवाद्यांना घेतले. १९३७ च्या निवडणुकीनंतर संयुक्त प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, त्यात जाण्याचे नरेंद्र देवांनी नाकारले. सत्तेपेक्षा शेतकऱ्यांची संघटना त्यांना महत्त्वाची वाटत होती. १९३९ साली गया येथे भरलेल्या अखिल भारतीय किसान सभेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. जमीनदारी नष्ट झाल्यावाचून खेड्यातील माणूस स्वतंत्र होत नाही, हे त्यांच्या सर्व प्रतिपादनाचे सूत्र होते. याच सुमारास प्रांताच्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाची पुनर्रचना करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले.

ऐक्याची पहिली कसोटी याच काळात लागली. १९३६ पासून पक्षाने कम्युनिस्टांना आपल्यात प्रवेश दिला होता. डाव्यांची एकजूट व्हावी ही भावना प्रामाणिक होती. परंतु आत आलेल्यांची निष्ठा दुसऱ्या पक्षाच्या आदेशाशी बांधलेली होती. १९४० साली त्यांना काढून टाकण्याची वेळ आली, तेव्हा केरळ, तामिळनाडू व आंध्र येथील पक्षाच्या शाखा जवळजवळ संपूर्णपणे त्यांच्याबरोबर निघून गेल्या. दक्षिणेतील पक्षाचा पाया त्या एका धक्क्याने खचला.

बेचाळीसच्या आंदोलनाने पक्षाला देशभर नाव मिळवून दिले. हजारीबागच्या तुरुंगाच्या भिंतीवरून निसटलेले जयप्रकाश, भूमिगत राहून चळवळ चालविणारे राममनोहर लोहिया व अच्युत पटवर्धन ही नावे घराघरांत पोहोचली. नरेंद्र देव मात्र ९ ऑगस्टलाच मुंबईत पकडले गेले आणि काँग्रेसच्या इतर वरिष्ठ नेत्यांबरोबर अहमदनगरच्या किल्ल्यात (आजच्या अहिल्यानगरात) बंदिस्त झाले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव, आचार्य कृपलानी अशी बारा मंडळी तेथे होती. नेहरूंनी भारताच्या शोधावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ याच किल्ल्यात लिहिला आणि ज्या चार सहकाऱ्यांचे त्यांनी विशेष आभार मानले, त्यांत नरेंद्र देवांचे नाव आहे. दम्याच्या विकाराने जर्जर झालेले नरेंद्र देव स्वतः मात्र एका निराळ्याच कामात गढले होते. आचार्य वसुबंधूंचा अभिधर्मकोश हा बौद्ध तत्त्वज्ञानातील अत्यंत कठीण ग्रंथ. बेल्जियन पंडित पूसँ यांनी त्याचे फ्रेंच भाषांतर केले होते. त्यावरून हा ग्रंथ हिंदीत आणण्याचे काम त्यांनी बंदिवासात चालविले. महाराष्ट्राच्या मातीत, पहाऱ्याच्या आत, बुद्धवचनाच्या एका महान भाष्यकाराला हिंदी वाणी मिळत होती, ही घटना आपल्या इतिहासात नोंदविण्याजोगी आहे.

स्वातंत्र्य उंबरठ्यावर आले आणि समाजवाद्यांचा काँग्रेसमधील मुक्काम संपत आला. १९४६ साली त्यांनी संविधान सभेवर बहिष्कार घातला. ती सभा प्रौढ मतदानाने निवडलेली नाही, हा त्यांचा आक्षेप होता. तत्त्व म्हणून तो खरा होता. तरीही इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हास असे वाटते की, ज्या सभागृहात समतेचे हक्क अक्षरबद्ध व्हावयाचे होते, तेथे समतेचा उद्घोष करणारा एक अभ्यासू पक्ष अनुपस्थित राहिला, हे देशाचे नुकसान झाले. मसुदा समितीचे ते अवजड काम बाबासाहेबांनी पेलले. त्यांच्या बाजूला नरेंद्र देवांसारखा विद्वान बसलेला असता, तर आर्थिक लोकशाहीच्या प्रश्नावर सभेतील चर्चा अधिक सखोल झाली असती.

१९४७ च्या आरंभी कानपूर येथे पक्षाने आपल्या नावातून काँग्रेस हा शब्द गाळला. त्याच वर्षाच्या अखेरीस कृपलानींनी काँग्रेसचे अध्यक्षपद सोडले, तेव्हा गांधीजींनी त्या पदासाठी नरेंद्र देवांचे नाव पुढे केले होते. कार्यकारिणीतील वजनदार मंडळींना ते मानवले नाही आणि राजेंद्र प्रसाद अध्यक्ष झाले. मार्च १९४८ मध्ये, पुन्हा नाशिक येथेच भरलेल्या अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला.

यानंतर जे घडले ते या चरित्राचे सर्वोच्च शिखर आहे, असे आम्ही मानतो. नरेंद्र देव व त्यांचे काही सहकारी संयुक्त प्रांताच्या विधानसभेत काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले होते. पक्ष सोडला तर जागाही सोडली पाहिजे, असे सांगणारा कोणताही कायदा तेव्हा नव्हता. पक्षांतरबंदीचा कायदा येण्यास आणखी सदतीस वर्षे होती. तरीही या सर्वांनी आपल्या जागांचे राजीनामे दिले व ते पुन्हा मतदारांपुढे उभे राहिले. फैजाबादच्या पोटनिवडणुकीत नरेंद्र देवांविरुद्ध काँग्रेसने बाबा राघवदास या साधुपुरुषास उभे केले. नरेंद्र देव ईश्वर मानीत नाहीत, ते धर्मशत्रू आहेत, असा प्रचार अयोध्येच्या गल्ल्यांतून करण्यात आला. आयुष्यभर प्राचीन भारतीय विद्येची सेवा केलेला हा पंडित स्वतःच्या गावी, धर्माच्या नावाने पराभूत झाला. त्याच अयोध्येचे पुढे काय झाले, हे आपण सारे जाणतो. १९४८ ची ती पोटनिवडणूक त्या मोठ्या कथेचे पहिले पान होती.

पराभवानंतरही त्यांनी आपले काम थांबविले नाही. १९४७ पासून ते लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५१ च्या अखेरीस बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांच्याकडे आले आणि प्रकृती साथ देईनाशी झाली तोवर ते त्यांनी सांभाळले. विरोधी पक्षाचा नेता दोन मोठ्या विद्यापीठांचा कुलगुरू असतो आणि सत्ताधाऱ्यांनाही त्याच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका येत नाही, हे आज अद्भुत वाटावे असे आहे.

१९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. समाजवादी पक्षाने लोकसभेच्या २५४ जागा लढविल्या; सुमारे साडेदहा टक्के मते मिळविली; परंतु जागा हाती आल्या अवघ्या १२. मतांच्या प्रमाणात काँग्रेसनंतर त्याचाच क्रमांक होता. साडेतीन टक्क्यांहूनही कमी मते मिळविणाऱ्या कम्युनिस्टांनी मात्र १६ जागा जिंकल्या, कारण त्यांचे बळ मोजक्या प्रदेशांत एकवटलेले होते, तर समाजवाद्यांचे देशभर विखुरलेले. याच निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन व समाजवादी पक्ष यांची युती झाली होती. मुंबईत बाबासाहेब व अशोक मेहता हे दोघेही पराभूत झाले. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत हे दोघे पुन्हा उभे राहिले. अशोक मेहता निवडून आले, बाबासाहेब हरले. युतीतील एक जिंकतो व दुसरा हरतो, याचा अर्थ आपल्या ज्येष्ठांना तेव्हाच उमगला होता. युती कागदावर होते. मतदाराच्या मनातील जात त्या कागदाने पुसली जात नाही. १९३६ साली लाहोरच्या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी समाजवाद्यांना हेच बजावले होते. जातीने विभागलेला कष्टकरी केवळ आर्थिक हिताच्या हाकेने एक होणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. नरेंद्र देवांच्या पक्षाने वर्गाचा विचार जितक्या बारकाईने केला, तितका जातीचा केला नाही, ही त्या पक्षाची उणीव आदर राखूनही सांगितली पाहिजे.

निवडणुकीतील अपयशातून विलीनीकरणाचा विचार निघाला. आचार्य कृपलानी यांनी १९५१ च्या जूनमध्ये काँग्रेसमधून बाहेर पडून किसान मजदूर प्रजा पक्ष काढला होता. त्याला सुमारे पावणेसहा टक्के मते व ९ जागा मिळाल्या होत्या. दोन्ही पक्षांची मते एकत्र केली तर ती सोळा टक्क्यांहून अधिक भरत होती. हे गणित मोहक होते. सप्टेंबर १९५२ मध्ये मुंबईत दोन्ही पक्ष एक झाले व प्रजा समाजवादी पक्ष जन्मास आला. कृपलानी अध्यक्ष व अशोक मेहता सरचिटणीस झाले. अहमदनगरच्या किल्ल्यात एकत्र राहिलेले दोन आचार्य आता एका पक्षात आले.

नरेंद्र देवांना मात्र हे विलीनीकरण मनापासून रुचले नव्हते. कृपलानींविषयी त्यांच्या मनात अनादर नव्हता. त्यांची शंका विचारांविषयी होती. समाजवादी पक्ष वर्गसंघर्षाच्या भूमिकेवर उभा होता. कृपलानींचा पक्ष गांधीविचाराचा व काँग्रेसवर नाराज झालेल्यांचा होता. प्रथम विचारांची एकवाक्यता व्हावी आणि मग संघटना एक व्हाव्यात, असा क्रम त्यांना अभिप्रेत होता. प्रत्यक्षात संघटना आधी एक झाल्या आणि विचारांचा निवाडा पुढे ढकलला गेला. तरीही बहुमताचा निर्णय झाल्यावर त्यांनी तो शिरसावंद्य मानला, वेगळी चूल मांडली नाही.

त्यांची शंका दोन वर्षांत खरी ठरली. काँग्रेसशी सहकार्य करावे की तिला कडवा विरोध करावा, यावर १९५३ च्या बैतूल परिषदेत मतभेद उफाळून आले. १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीन येथे काँग्रेसच्या पाठिंब्यावर पट्टम थाणू पिल्लै यांचे प्रजा समाजवादी मंत्रिमंडळ आले. ऑगस्टमध्ये तेथील तमिळ भाषकांच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला व माणसे मृत्युमुखी पडली. सरचिटणीस असलेल्या लोहियांनी तुरुंगातून स्वतःच्याच पक्षाच्या सरकारचा राजीनामा मागितला. पक्ष दुभंगण्याच्या बेतात असताना नोव्हेंबर १९५४ मध्ये नागपूर येथे खास अधिवेशन झाले. कृपलानींनी अध्यक्षपद सोडले आणि दोन्ही बाजूंना ज्यांच्याविषयी आदर होता, त्या आजारी नरेंद्र देवांच्या खांद्यावर ते ओझे ठेवण्यात आले.

पुढच्याच वर्षी जानेवारीत काँग्रेसने आवडी येथे समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. आता वेगळ्या पक्षाची गरज काय, असे काहींना वाटू लागले. दुसऱ्या टोकाला लोहिया व मधु लिमये यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आणि १९५५ सरता सरता लोहियांनी हैदराबाद येथे स्वतंत्र समाजवादी पक्ष उभा केला. या दोन टोकांच्या मध्ये उभे राहून नरेंद्र देवांनी एक धोरणपत्र सिद्ध केले. डिसेंबर १९५५ च्या गया अधिवेशनाने ते स्वीकारले. लोकशाही आणि समाजवाद एकमेकांवाचून अपुरे आहेत, सत्ताधाऱ्यांत विरून जाणे व केवळ विरोधासाठी विरोध करणे या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत, असा त्याचा आशय होता. ही मध्यम वाट आखणाऱ्याच्या मागे तथागतांच्या तत्त्वज्ञानाचा दीर्घ अभ्यास होता, हे आपल्या वाचकांच्या सहज ध्यानी येईल.

गया अधिवेशनानंतर ते फार काळ जगले नाहीत. मद्रासचे राज्यपाल श्रीप्रकाश हे त्यांचे काशी विद्यापीठापासूनचे स्नेही. हवापालट व्हावा म्हणून नरेंद्र देव दक्षिणेत गेले आणि १९ फेब्रुवारी १९५६ रोजी इरोडजवळील पेरुंदुरै येथे त्यांनी देह ठेवला. त्यांच्या हयातीत छापून न निघालेला बौद्ध-धर्म-दर्शन हा बृहद् ग्रंथ त्याच वर्षी पाटण्याहून प्रसिद्ध झाला. स्थविरवादापासून विज्ञानवाद व माध्यमिक मतापर्यंतचा बौद्ध विचारांचा प्रवास त्यात साकल्याने मांडलेला आहे. १९५७ साली या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. अभिधर्मकोशाचे भाषांतरही त्यांच्या मृत्यूनंतरच वाचकांच्या हाती आले.

त्यांच्या निधनानंतर आठ महिन्यांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्याच नागपूर नगरीत बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. नोव्हेंबरमध्ये काठमांडू येथे त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना जगासमोर मांडली. नरेंद्र देवांनी धर्मांतर केले नाही आणि त्यांच्यासाठी बौद्ध मत हा प्रामुख्याने अभ्यासाचा विषय राहिला. बाबासाहेबांनी त्याच मताला दलितांच्या मुक्तीचा जिवंत मार्ग बनविले. हा भेद मोठा आहे. तरीही बुद्ध आणि मार्क्स या दोघांनाही दुःखाच्या मुळाशी जाणारे विचारवंत म्हणून एकत्र वाचणारे दोन भारतीय पंडित एकाच वर्षी आपल्यातून गेले, हे विसरता येत नाही. त्याच १९५६ साली लोहिया व बाबासाहेब यांच्यात भेटीविषयी पत्रव्यवहार चालू होता. ती भेट होण्यापूर्वी ६ डिसेंबर उजाडला.

पुढील इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९६४ मध्ये दोन्ही समाजवादी पक्ष पुन्हा एक होऊन संयुक्त समाजवादी पक्ष झाला; पुढच्याच वर्षी तो फुटला. १९७१ मध्ये पुन्हा जोडणी झाली आणि १९७७ मध्ये समाजवादी पक्ष जनता पक्षात विसर्जित झाला. पाटण्याच्या सभागृहात प्रज्वलित झालेली ज्योत त्रेचाळीस वर्षांनी एका मोठ्या वणव्यात मिसळून दिसेनाशी झाली.

ही कथा आम्ही परक्यांची म्हणून सांगितलेली नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची वाटचाल ज्यांनी पाहिली, त्यांना फूट आणि ऐक्य या शब्दांचे दुःख ठाऊक आहे. ऐक्याच्या प्रत्येक घोषणेबरोबर आपल्या वस्त्यांतून आनंदाचे ढोल वाजले आणि प्रत्येक फुटीनंतर त्याच वस्त्या मुक्या झाल्या. नरेंद्र देवांच्या चरित्रातून आपल्यासाठी निघणारा बोध असा की, मतांची बेरीज करून झालेले ऐक्य पहिल्या वादळात उसवते. ऐक्याआधी विचारांचा निवाडा व्हावा लागतो आणि निवाडा झाल्यावर व्यक्तीला आपला मान बाजूस ठेवावा लागतो. पहिली गोष्ट समाजवाद्यांनी टाळली. दुसरी नरेंद्र देवांनी एकट्याने पाळली, म्हणून तुटत चाललेला पक्ष त्यांच्या हयातीत त्यांच्याभोवती टिकून राहिला.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज ग्रामपंचायतीपासून विधिमंडळापर्यंत, संघटनांत व संस्थांत काम करीत आहेत. पद मिळाले की ते कशासाठी मिळाले याचे स्मरण ठेवावे. ज्या मतदाराच्या विश्वासावर ते मिळाले, तो विश्वास संपला तर पद परत करून पुन्हा त्याच्या दारी जाण्याचे धैर्य बाळगावे. फैजाबादच्या एका शिक्षकाने ते धैर्य दाखविले, आणि हरल्यानंतर तो पुन्हा विद्यार्थ्यांकडे व आपल्या ग्रंथांकडे वळला. पाठ्यपुस्तकातील त्या एका ओळीपाशी आल्यावर आपल्या शाळेतील शिक्षकांनी थोडे थांबावे आणि मुलांना एवढे जरूर सांगावे.